जिप्सीची कटकट

जुलैचा शेवटचा रविवार, २७ तारीख. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागरातून (सुपारी-नारळाच्या बागेतून) परतत होतो. व्हाळ (ओढा) ओलांडल्यावर एका अरुंद वळणावर स्टिअरिंग शेवटपर्यंत कापावं लागतं. तिथं उजव्या चाकाकडून आवाज आला, कट्… कट्… कट्. चाक सरळ केलं की गप्प, परत कापलं की सुरू. शेजारी भाचा बसला होता. "मामा, दगड अडकला असेल," म्हणाला. उतरून बघितलं. दगड नव्हता.

गाडी २०१० ची मारुती जिप्सी. २०१६ मध्ये जुनी म्हणूनच घेतली. सुपारी, नारळ आणि पावसाळ्यात आम्हाला व्हाळापलीकडं नेणं एवढंच तिचं काम. इंजिनाचं थोडंफार कळतं, पण पुढच्या अ‍ॅक्सलला मी कधी हात लावला नव्हता. तो उघडून, साफ करून, नवं ग्रीस भरून बंद करण्यात दोन महिने गेले. सुरुवातीला मला साधी माहितीसुद्धा कुठं नीट मिळाली नव्हती, म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवतोय.

आधी आवाजाविषयी. जिप्सीच्या पुढच्या चाकांना फ्रीव्हील हब आहेत, म्हणजे चाक शाफ्टला हवं तेव्हा जोडता-सोडता येतं. ते उघडे ठेवले तर साध्या रस्त्यावर पुढचे शाफ्ट फिरतच नाहीत, त्यामुळे आवाजही येत नाही. म्हणून डांबरी रस्त्यावर वर्षभर काहीच जाणवलं नव्हतं. तपासायचं तर हब लॉक करा, फोर बाय फोर टाका, चिखलाच्या किंवा मातीच्या मैदानात चाक पूर्ण कापून पायी चालण्याच्या वेगानं गोल फिरवा. डांबरावर हा प्रयोग करू नका. पुढच्या-मागच्या चाकांचा वेग जुळत नाही आणि सगळा ताण गिअरांवर येतो.

१० ऑगस्टला पाऊस थोडा उघडला तेव्हा गाडीखाली गेलो. ज्यांच्या गाडीला सीव्ही जॉइंटवर (चाक वळलेलं असतानाही शाफ्टनं ते फिरवणारा सांधा) रबरी बूट असतो (थार वगैरे), त्यांनी बूट फाटलाय का ते बघावं. जिप्सीला बूट नसतो, जिम्नीलाही नसतो. अ‍ॅक्सलच्या टोकाला लोखंडाचा गुळगुळीत गोळा असतो, त्यावर वाटी उपडी घातल्यासारखा नकल (चाकाबरोबर वळणारा भाग) बसतो आणि जॉइंट त्या पोकळीत ग्रीसमध्ये बुडालेला असतो. वाटीच्या काठाला फेल्ट आणि रबराचं सील. निरोगी गाडीत या गोळ्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवल्यासारखा थर दिसतो. माझ्या उजव्या गोळ्यावरून काळपट पाणी ओघळत होतं आणि टायरच्या आतल्या बाजूला शिंतोडे उडाले होते. बोट लावून वास घेतला, तर गंधकासारखा उग्र वास, डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांच्या पेटीच्या) गिअर ऑइलचा. ग्रीसला असा वास नसतो. हा वास आला की समजायचं, आतलं सील गेलंय आणि डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये शिरून ग्रीस पातळ करतंय.

त्यात गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. नोंदणीची मुदत ११ ऑक्टोबरपर्यंत. नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे फॉर्म २५, मुदतीच्या साठ दिवस आधीपासून भरता येतो. १३ ऑगस्टला पोर्टलवर भरला. पंधरा वर्षांवरच्या खासगी कारची फी २०२२ पासून ₹५,००० होती, शिवाय किरकोळ आकार वेगळे. विमा, पीयूसी, मूळ आरसी आणि चासिस नंबरचा पेन्सिलनं काढलेला छाप जवळ ठेवा. छाप घरीच काढून न्या. चासिसवरचा गंज खरवडायला माझी वीस मिनिटं गेली, ती रांगेत घालवण्यात अर्थ नाही.

१९ ऑगस्टला आरटीओची तपासणी. इन्स्पेक्टर वाकले, पुढच्या चाकामागं बॅटरी मारली आणि म्हणाले, "हे गळणं बंद करून आणा." चूक त्यांची काहीच नव्हती. ब्रेक डिस्क तिथून चार बोटांवर होती.

२३ तारखेला फोंड्याला आमच्या जुन्या मेस्तांकडं (मेकॅनिककडं) गेलो. चाळीस वर्षं जीपच उघडतायत. पण पर्यटकांना दूधसागर धबधब्यावर नेणाऱ्या कुळ्याच्या जीपा हंगामासाठी तयार करायच्या, त्यामुळे सप्टेंबर अखेरपर्यंत त्यांच्याकडं जागा नव्हती. दोन्ही बाजूंचा खर्च सामानासकट साडेनऊ हजार सांगितला. मी विचारलं, निदान ग्रीस कुठलं आणून ठेवू? त्यांनी हात पुसत उत्तर दिलं, "रे, ग्रीस खंयचें घालचें तें मागीर. आदलें पाड कित्याक जालें तें पयलीं पळय." (कुठलं ग्रीस घालायचं ते नंतर, आधीचं का बिघडलं ते पहिलं बघ.) आणि पुढं, "अ‍ॅक्सलाचो ब्रीदर पळयलो?"

नव्हता पाहिला. ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायची वाट, असतो हेच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला. अ‍ॅक्सलच्या नळकांड्यावर बोटाच्या पेराएवढी टोपी, आणि तिच्या तोंडात वाळलेली तांबडी माती चपखल भरलेली. चिखल उडून बसला असेल असं वाटलं, पण तारेनं उकरल्यावर आत छोटी कोठडी आणि एक सुकलेला कोळी निघाला. कुंभारीण माशीचं घर! पावसाळ्याआधी गाडी दीड महिना शेडमध्ये उभी होती, तेवढ्यात तिनं संसार थाटला.

हे कळल्यावर सगळी साखळी लागली. गाडी चालली की डिफरन्शियल तापतं, आतली हवा फुगते. ब्रीदर बंद असेल तर ती सीलवर जोर देते आणि तेल सीलच्या ओठातून नकलमध्ये ढकलते. मग तापलेला अ‍ॅक्सल व्हाळाच्या थंड पाण्यात उतरतो, हवा आकसते आणि जिथून फट मिळेल तिथून पाणी आत ओढते. म्हणजे ग्रीस कितीही भारी भरलं असतं तरी दोन पावसाळ्यांत त्याचं ताकच झालं असतं.

मग ठरवलं की घरीच करायचं. मेस्तांनी हब नटचा पाना वापरायला दिला आणि अडलं तर फोन करायला सांगितलं. पाचशे रुपये बळेच त्यांच्या खिशात घातले.

आता ग्रीसचं. दुकानात गेलो तर काउंटरवरच्या मुलानं एपी-३ या सर्रास वापराच्या ग्रीसचा डबा पुढं केला. "सगळे हेच नेतात." खरं आहे, सगळे तेच नेतात आणि व्हील बेअरिंगला ते चालतंही. पण सीव्ही जॉइंटचं दुखणं वेगळं आहे. आत सहा गोळ्या असतात, त्या खोबणीतून नुसत्या लोळत नाहीत, चाक वळलेलं असताना पुढंमागं घासतही जातात. याच गोळ्यांमुळे शाफ्ट कोनात असूनही चाकाला एकसारखा वेग मिळतो. १९२० च्या दशकात रझेपा नावाच्या इंजिनीअरनं बसवलेली ही युक्ती अजून तशीच चालू आहे. लोळण्याला तेलाचा थर पुरतो. घासण्याच्या जागी, तेही खालच्या गिअरमध्ये दगडावर चढताना, दाब इतका असतो की तेल बाजूला सरतं आणि लोखंडाला लोखंड लागतं. तिथं मॉलिब्डेनम डायसल्फाइड कामाला येतं. बाजारात त्याला नुसतं 'मॉली' म्हणतात. पापुद्र्यांवर पापुद्रे असलेली काळी भुकटी. तेल सरलं तरी हे पापुद्रे एकमेकांवरून घसरत राहतात. डब्यावर मॉली ३ टक्के लिहिलेलं बघून घ्या. नुसता काळा रंग बघून भुलू नका, ग्रॅफाइटचं ग्रीसही काळंच असतं. लाल, निळा, हिरवा हे तर निव्वळ रंग.

दुसरी गोष्ट घट्टपणा. त्याला एनएलजीआयचा (अमेरिकेतल्या ग्रीस संस्थेचा) आकडा असतो, ०००, ००, ० पासून ६ पर्यंत. आपल्या भाषेत सांगायचं तर २ नंबर म्हणजे श्रीखंड, ३ म्हणजे चक्का. चक्का एकदा गोळ्यांनी बाजूला सारला की परत खोबणीत येत नाही. श्रीखंड येतं. जॉइंटला १ किंवा २ घ्यावं. गोव्याच्या हवेत मी २ घेतलं.

तिसरी, आणि मी जिथं आधी फसलो होतो ती. ग्रीस म्हणजे तेल धरून ठेवणारा साबण. हा साबण कधी लिथियमचा, कधी कॅल्शियमचा, काहींत साबणाऐवजी पॉलियुरिया. सगळ्यांचं एकमेकांशी जमत नाही. न जमणारी दोन एकत्र आली की साबणाची जाळी मोडते आणि तेल सुटून वाहायला लागतं. दोन वर्षांपूर्वी व्हील बेअरिंग बदलताना एका गॅरेजमध्ये (नाव नको) जुनं न काढता वरून कसलंसं पिवळं ग्रीस कोंबलं होतं. मी शेजारी उभा राहून बघत होतो आणि "भरपूर घाला हं" असंही म्हणालो होतो. या खेपेला जॉइंटसाठी मॉलीवालं लिथियम कॉम्प्लेक्स आणि बेअरिंगसाठी बिनमॉलीचं, तेही लिथियम कॉम्प्लेक्सच घेतलं. चुकून एकत्र आलीच तर भांडू नयेत. पाण्याला कॅल्शियम सल्फोनेट जास्त दाद देत नाही असं वाचलं होतं, पण मॉलीसकट ते मला इथं मिळालं नाही. मॉलीचे अर्ध्या किलोचे दोन डबे ₹१,०८०, दुसरा एक ₹३२०.

बूटवाल्या गाड्यांना ही डोकेफोड कमी. बूट किटमध्ये मोजून ग्रीसची पुडी येते, ती सगळी वापरायची. आतल्या आणि बाहेरच्या जॉइंटच्या पुड्या वेगळ्या असतील तर अदलाबदल करू नका. आतला जॉइंट बहुधा तीन रोलरचा असतो, त्याचं ग्रीस वेगळं असू शकतं.

सील किट बेळगावहून मागवलं. २५ तारखेला पैसे पाठवले आणि २७ ला चवथ (गणेश चतुर्थी). पुढं आठवडाभर कोण कुणाचं पार्सल बघतो! ४ सप्टेंबरला कदंबच्या बसनं डबा आला, त्यात आतलं सील दुसऱ्याच मापाचं. परत पाठवणं, फोनाफोनी, "आमच्याकडून तर बरोबरच गेलं होतं". शेवटी ६ तारखेला संध्याकाळी म्हापशाहून दोन सील ₹३६० ला आणली. जुनं सील काढून, मापाचे आकडे वाचून मगच मागवायला हवं होतं. पण ते काढायचं म्हणजे गाडी उघडी ठेवायची, आणि चवथीला गाडी लागते. असो.

७ सप्टेंबर, रविवार, उजवी बाजू. सकाळी साडेआठला सुरुवात. आमच्याकडं गाडी उचलून चिऱ्यावर टेकवायची सवय आहे, तसं करू नका. चिरा भार पडल्यावर न सांगता फुटतो. लोखंडी स्टँड घ्या, मागच्या चाकांना ओंडका लावा. चाक काढलं, कॅलिपर सोडून तारेनं स्प्रिंगला टांगला (ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका), हब, सर्कलिप, नट, डिस्क असं एकेक उतरवलं. स्पिंडल हलेना. रबरी हातोडीनं चहूकडून टकटक करत अर्धा तास. सुटला तेव्हा परातीत जे ओतलं ते पाहून भाचा म्हणाला, "मामा, हा चहा आहे." खरंच दुधाळ तपकिरी, वर तेलाचे डोळे. तेल, पाणी आणि दोन जातींची ग्रीस. परात आईची होती. ती बाहेर आली, बघितलं आणि एवढंच म्हणाली, "ही आता तुमचीच." नवी परात खर्चात धरलेली नाही.

शाफ्ट सरळ, हळू ओढा. शेवटी वाकडा झाला तर सीलचा ओठ फाटतो, म्हणून परत घालतानाही तेच. नकल खोलताना किंगपिनखाली (ज्यावर नकल वळतो ती खुंटी) पातळ पत्र्याचे शिम निघतात. वरचे आणि खालचे वेगळ्या पाकिटात, नाव घालून ठेवा. मी फोटोही काढले, आणि त्या फोटोंनीच संध्याकाळी वाचवलं, कारण वाऱ्यानं एक पाकीट उडालं.

जॉइंट धुण्यातच दुपार गेली. ₹२७० चं डिझेल, जुना दात घासायचा ब्रश. जॉइंट मी सुटा केला नाही. घंटेसारखा भाग एका हातात धरून शाफ्ट चहूबाजूंनी वाकवत राहिलो. प्रत्येक कोनात वेगळ्या फटीतून काळं बाहेर येतं. चौथ्या धुण्याला डिझेल स्वच्छ राहिलं. मग ब्रेक क्लीनर आणि उन्हात अर्धा तास. ओलसर लोखंडावर ग्रीस धरत नाही. वाळल्यावर बॅटरीनं खोबण्या पाहिल्या. एका खोबणीत तांदळाच्या कणीएवढा खड्डा दिसला आणि पोटात गोळा आला. कट्चं मूळ तिथं होतं. मेस्तांना फोटो पाठवला. "चलता सद्याक," एवढंच उत्तर आलं.

आता ग्रीस. नुसतं वरून थापून उपयोग नाही. डाव्या तळव्यावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा आणि जॉइंटचं तोंड त्यावर दाबत दाबत ओढायचं, म्हणजे ग्रीस गोळ्यांच्या मागं शिरतं. तीनचारदा दाबलं की शाफ्ट वाकवून फिरवायचा. आधी फुसफुस आवाज येतो, आतली हवा निघते. पुन्हा दाबायचं. दुसऱ्या बाजूच्या फटीतून काळा गुळगुळीत दोरा बाहेर यायला लागला, फुसफुस थांबली आणि फिरवताना हाताला मऊ, जड वाटलं की भरलं. मला पंचवीस मिनिटं लागली. हातमोजे घाला. मी पहिली दहा मिनिटं घातले नव्हते आणि मॉली आठवडाभर नखांत राहिली.

नकलची पोकळी मात्र गच्च भरायची नाही, पाऊण ठीक. गरम झाल्यावर ग्रीस फुगतं, जागा नसेल तर नव्या सीललाच बाहेर ढकलतं. मागच्या वेळचं माझं "भरपूर घाला" आठवलं. फ्रीव्हील हबमध्ये तर नुसता बोटभर पुसता हात. तिथं ग्रीस कोंबलं तर हब अडकतात. किंगपिन आवळल्यावर नकल किती जड फिरतो ते स्प्रिंग काट्यानं ओढून बघतात. सुपारी जोखायचा काटा वापरला, मॅन्युअलमधल्या आकड्यात बसलं. रात्री पावणेनऊला चाक चढलं.

१४ तारखेला डावी बाजू. तीच कामं, सहा तासांत. तिथलं ग्रीस फक्त पातळ झालं होतं, पाणी नव्हतं. त्याच दिवशी डिफरन्शियलचं तेल बदललं, दोन लिटर, ₹७८०. आणि ब्रीदरची टोपी काढून तिथून रबरी नळी इंजिनाच्या खोलीत वरपर्यंत नेली, टोकाला बारीक जाळी. नळी आणि क्लिपा मिळून ₹१४०. अख्ख्या कामातला सगळ्यात स्वस्त भाग हाच.

काढलेलं ग्रीस आणि डिझेल डब्यात भरून गॅरेजमध्ये जळकं तेल साठवतात तिथं दिलं. आमची विहीर गाडी उभी असते तिथून वीस पावलांवर आहे.

सील किटचे ₹१,८५०, ब्रेक क्लीनर, हातमोजे आणि मेस्तांचे पाचशे धरून एकूण ₹५,९००. सामान घेऊन झालं आणि २२ सप्टेंबरला गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. भाच्यानं ही बातमी मला अगदी आवडीनं वाचून दाखवली.

२६ सप्टेंबरला पुन्हा तपासणी. शंभरेक किलोमीटर झाले होते. गोळ्यावर पातळसा तकतकीत थर होता. तो पाहून मी घाबरलो आणि रांगेत उभ्या उभ्या फडक्यानं पुसायला लागलो. इन्स्पेक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "तेवढं असायलाच हवं." सही झाली. नवी आरसी १३ ऑक्टोबरला पोस्टानं आली, पाच वर्षांची.

गेल्या रविवारी हब लॉक करून व्हाळापलीकडच्या त्या वळणावर स्टिअरिंग शेवटपर्यंत कापलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. डावी बाजू गप्प. उजवीकडून एका फेरीत एकदाच, दबका कट्. तांदळाच्या कणीएवढा.